हिशोब भट्टीच्या दारापासून नको, खाणीपासून करा

अणुवीज अन्यायावर उभी आहे, या माझ्या म्हणण्यावर तुम्ही दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: अणुकचरा काचेत गोठवला की जागा लागते किती? आमच्या कोयनेने पाटण-जावळीची गावंच्या गावं बुडवली. मग साताऱ्यात बसून अणुऊर्जेलाच अन्यायाचा शिक्का का?

काचेबद्दल तुमचं बरोबर आहे. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्टीत 1 टन नैसर्गिक युरेनियम वापरलं की पावणेपाच कोटींच्या आसपास युनिट वीज मिळते आणि अणू फुटून उरणारे, म्हणजे काचेत गोठवायचे पदार्थ निघतात जेमतेम 7 किलो.

पण खाणीत चला. आपल्याकडच्या साखर कारखान्यांचा उतारा 11-12 टक्के. झारखंडमधल्या जादुगोड्याच्या खनिजाचा उतारा टनामागे साधारण अर्धा किलो! म्हणजे त्याच 1 टन युरेनियममागे 2000 टन दगड दळायचा. आपल्या बगॅसला, म्हणजे उसाच्या चोथ्याला, निदान गिऱ्हाईक आहे. इथे जाडसर भाग खाणीत परत भरतात, आणि बारीक गाळातलं, युरेनियम काढायला वापरलेलं आम्ल चुन्याने मारून तो पाइपने तळ्यात सोडतात. युरेनियम गेलं तरी मूळ किरणोत्साराचा सुमारे 85 टक्के हिस्सा गाळातच राहतो, कारण खनिजातली थोरियम-230 आणि रेडियम-226 ही किरणोत्सारी द्रव्यं तिथेच असतात. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, 1600 वर्षं. पण थोरियम ते नव्याने तयार करत राहतं, आणि थोरियमचं अर्धायुष्य 75 हजार वर्षांच्या घरात.

बिघडतं ते साध्या गोष्टींनी. उन्हाळ्यात तळं सुकलं की धूळ उडते. पावसाळ्यात पाझर ओढ्याला मिळतो. 2006 मध्ये तर पाइपच फुटला होता. वर 30 सेंटीमीटर माती टाकली की धूळ बसते, गॅमा किरणही बरेच अडतात; रेडियमपासून बनणारा किरणोत्सारी रेडॉन वायू मात्र मातीला भेगा पडल्या की वर येतोच. आणि कुंपण मोडून गुरं त्यावर चरू लागली, तर झाकल्याचा उपयोग काय?

हे सोसतात ते संथाळ आणि ‘हो’ जमातीचे आदिवासी. वीज जाते भलतीकडे. (जैतापूरच्या भट्ट्यांना परदेशी इंधन लागेल, म्हणजे तो गाळ आपल्याला दिसणारही नाही.)

कोयनेचा दाखला तर माझ्याच बाजूचा आहे. साठ वर्षं होऊन गेली तरी धरणग्रस्तांचे जमिनीचे प्रश्न सुटलेले नाहीत. मग हजारो वर्षांच्या राखणीचं आश्वासन कुणाच्या भरवशावर घ्यायचं? माझी मागणी भट्ट्या बंद करा अशी नाहीच. तळ्याच्या राखणीचा खर्च युनिटच्या दरात धरा, आणि भोवतालच्या विहिरींतल्या युरेनियमचे आकडे दर तीन महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर संथाळीत लावा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे, तीही शेजारी लिहा.