मेडिकल बिल: आधी पदरचे घाला, मग फाईल फिरवा

लग्नाकार्यात कुणी ना कुणी म्हणतंच, “तुमचं बरं आहे, सरकारी नोकरी. आजारी पडलात तरी खर्च सरकारचा.” मी हसून सोडून देते. पंगतीत बसून शासन निर्णय समजावायला लागले तर शेजारचा माणूस पान बदलून बसेल. इथे मात्र सविस्तर लिहिते. मी एका जिल्हा कार्यालयात आस्थापना शाखेत आहे आणि वैद्यकीय प्रतिपूर्तीचं, म्हणजे कर्मचाऱ्याने आधी भरलेला दवाखान्याचा खर्च सरकारकडून परत देण्याचं, टेबल बरीच वर्षं माझ्याकडे आहे. एवढी बिलं हाताखालून गेल्यावर माझं मत पक्कं झालंय, की राज्य कर्मचाऱ्यांची ही सवलत नीट मिळते ती ज्याच्या खात्यात आधीपासून पैसे पडून आहेत त्यालाच. ज्याला तिची खरी गरज, तो ती व्याज भरून विकत घेतो.

मुळात नियम आहेत 1961 चे, महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम. त्यामागचा हिशोब सरळ होता. कर्मचारी आजारी पडला की सरकारी दवाखान्यात जाईल आणि तिथे जे औषध मिळणार नाही त्याचे पैसे सरकार देईल. खाजगी हॉस्पिटल हा अपवाद. पुढे अपवादच रिवाज झाला, तेव्हा 19 मार्च 2005 च्या शासन निर्णयाने यादी दिली: 27 आकस्मिक आजार आणि 5 गंभीर आजार. यादीत बसलात तर खाजगीतल्या खर्चाची प्रतिपूर्ती मागता येते. नाही बसलात तर सिव्हिलचा रस्ता धरा.

ही यादी एकदा सवडीने वाचा. हृदयविकाराचा झटका, अपघात, भाजणं, ब्रेन ट्यूमर हे आहेच. त्यांच्याच रांगेत घटसर्प आहे, धनुर्वात आहे, वायुकोथ (गॅस गँगरीन) आहे, कान-नाक-घशात बाहेरची वस्तू अडकणं आहे. गुडघा बदलायचाय? नाही. गुडघा आकस्मिक झिजत नाही हे मान्य, पण चौथ्या मजल्यावर फायली वाहणाऱ्या माणसाला ते कोण सांगणार? कोविडचं नाव यादीत यायला 2020 चा डिसेंबर उजाडला. तोवर किती घरांत किती कर्ज झालं होतं ते आम्ही टेबलावर बसून पाहिलंय.

मग सुरू होतो आमच्याकडे रोज चालणारा प्रकार, आजार ‘बसवणे’. डिस्चार्ज कार्डावर एक लिहिलेलं असतं आणि यादीतले शब्द वेगळे असतात. पेशंटचा मुलगा हॉस्पिटलच्या काउंटरवर हात जोडून उभा असतो, “डॉक्टर, सर्टिफिकेटवर तेवढं ‘रक्तासंबंधातील आजार’ असं लिहा ना.” डॉक्टर वैतागतात, आणि त्यांचंही बरोबरच आहे. त्यांनी पेशंट बघायचा की आमच्या शासन निर्णयातली शब्दरचना? रात्री दोनला छातीत कळ आली तर ती आकस्मिक आहे की नाही हे तपासणाऱ्या डॉक्टरला कळतं. वीस वर्षांपूर्वीच्या यादीला विचारायची गरज काय?

तरी यादी ही लहान अडचण. मोठी अडचण क्रमाची आहे. पैसे आधी तुम्ही भरायचे.

आमच्या ऑफिसातले एक शिपाई मामा. बायकोला पक्षाघाताचा झटका आला, खाजगीत हलवावं लागलं. दारातच डिपॉझिट मागितलं. मामांच्या खात्यात पगाराचं जे उरलंसुरलं होतं त्यात एक दिवस निघाला. मग पतसंस्थेचं कर्ज, मग मेव्हण्याकडून उसने, शेवटी दागिने बँकेत. बिल गेलं अडीच लाखांच्या आसपास. मामा प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन माझ्यासमोर आले. औषधांच्या पावत्या होत्या त्या सगळ्या थर्मल कागदावरच्या, त्या गुळगुळीत पांढऱ्या, ज्यांच्यावरची शाई उन्हाने नि घामाने उडते. काहींवर दुकानाचं नावसुद्धा वाचता येईना. मी म्हटलं, “मामा, ह्यांच्या झेरॉक्स काढल्यात का?” ते म्हणाले, “मॅडम, तेव्हा मला काय सुचत होतं का?”

त्या पावत्या आम्ही एकेक कागदावर चिकटवल्या, तारखेने लावल्या, प्रत्येकीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरची सही-शिक्का घ्यायला मामांना परत पाठवलं. आकस्मिकतेचं प्रमाणपत्र, अत्यावश्यकता प्रमाणपत्र, विहित प्रपत्रं, रेशन कार्डाची प्रत, पत्नी कुठे नोकरीला नाही आणि हा लाभ दुसरीकडून घेतलेला नाही याचा दाखला, हॉस्पिटलच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत. नोंदणी प्रमाणपत्र जुनं निघालं, ज्या महिन्यात ॲडमिट होत्या त्या महिन्यात लागू असलेलं हवं होतं. परत चक्कर. फाईल जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तपासणीला गेली, त्रुटी लागून परत आली. त्रुटी दूर करून पाठवली तर दुसरी त्रुटी निघाली, जी पहिल्या वेळीही त्याच पानावर होती.

शेवटी अनुज्ञेय, म्हणजे नियमाने देता येणारी, रक्कम ठरून आली ती बिलाच्या बरीच खाली. जेवण वजा, इतर किरकोळ आकार वजा, खोलीचं भाडं पगाराच्या हिशोबाने. यातलं काही वजा होणं रास्त आहे, मी स्वतः तो नियम लावते. पण मंजुरी झाल्यावर कळलं की तरतूदच शिल्लक नाही, पुढच्या अनुदानाची वाट बघा. त्या सगळ्या महिन्यांत पतसंस्थेचा हप्ता मामांच्या पगारातून नेमाने कापला जात होता. त्या व्याजाची प्रतिपूर्ती कुठल्याच नियमात नाही.

हेच बिल एखाद्या वर्ग एकच्या साहेबांचं असतं तर? नियम तोच लागला असता, कपातही झाली असती. पण साहेबांनी कार्ड पुढे केलं असतं, फाईल सहा महिने फिरली तरी घरात चूल थंड पडली नसती. नियमाच्या पुस्तकात दोघे सारखे आहेत. खात्यावर शिल्लक सारखी नाही.

पूर्वी याला एक आधार होता, जीपीएफ, म्हणजे पगारातून साठणारा भविष्य निर्वाह निधी. अडीनडीला स्वतःच्याच पैशातून अग्रिम काढायचा, चार दिवसांत हातात. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांचं जीपीएफ गेलं, त्यांना लागू झालेल्या एनपीएसचे, म्हणजे नव्या पेन्शन योजनेचे, पैसे असे हवे तेव्हा निघत नाहीत. म्हणजे ज्या वर्षी यादी आली त्याच वर्षी हाताशी असलेली उचलही गेली. पेन्शनच्या आंदोलनात लोक म्हातारपणाचं बोलतात, ते बरोबरच. जीपीएफच्या या दवाखान्यातल्या उपयोगाचा विषय मात्र कुणी फारसा काढत नाही. गंभीर आजारासाठी वैद्यकीय अग्रिमाची सोय नियमात आहे, पण पेशंट आयसीयूत असताना अंदाजपत्रक, अर्ज आणि मंजुरी यांच्या मागे कोण धावणार, हा प्रश्न उरतोच.

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर कॉमेंटमध्ये मंडळी येतीलच. होय, बोगस बिलं येतात. न झालेल्या ॲडमिशनची, फुगवलेल्या औषधांची, घरी बसलेल्या माणसाला चार दिवस आयसीयूत दाखवलेली. मी अशी बिलं पाहिली आहेत. तपासणी हवीच, दर ठरवणंही हवं. सरकारने आपल्या ऐपतीप्रमाणे मर्यादा घालणं गैर नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 1998 मध्ये पंजाब राज्याच्या राम लुभाया बग्गा प्रकरणात मान्य केलंय. पण त्याच न्यायालयाने 13 एप्रिल 2018 ला शिवकांत झा यांच्या प्रकरणात सांगितलं, की हॉस्पिटल यादीत नाही एवढ्या कारणावरून दावा नाकारता येणार नाही. उपचार खरोखर घेतले का आणि त्याची रीतसर नोंद आहे का, हे बघा. ते प्रकरण सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचं, होतं आणि झा निवृत्त अधिकारी होते. पण कुणी त्या निकालाचा संदर्भ अर्जात दिला की आमच्याकडच्या वरिष्ठांच्या कपाळावर पहिल्यांदा आठी आणि मग फाईलवर ‘मार्गदर्शन मागवावे’ असा शेरा उमटतो. चोरांसाठी लावलेली चाळण प्रामाणिक माणसाचा जीव घेते आणि बोगसवाला मात्र कागद इतके चोख लावतो की त्याची फाईल एकदाही परत येत नाही.

कॅशलेस म्हटलं की वित्त विभागाला घाम फुटतो, असं आम्हाला कायम सांगितलं जातं. पण याच राज्यात पोलिसांना कुटुंब आरोग्य योजना 2005 पासून आहे. तिच्यात कुरबुरी नाहीत असं नाही, हॉस्पिटलं थकबाकीवरून कुरकुरतात, सगळं समजतं. तरी कॉन्स्टेबलच्या बायकोला ॲडमिट करताना त्याला आधी सोनं मोडावं लागू नये, हा विचार कुणीतरी केला ना? मग तलाठी, नर्स, आश्रमशाळेचा स्वयंपाकी, जिल्हा परिषदेचा शिक्षक यांचं काय? सगळ्यांना एकदम जमत नसेल तर वर्ग तीन आणि चारपासून सुरुवात करा. वर्ग एकला थांबू द्या थोडं, त्यांना झेपतं.

आणि तोवर एक गोष्ट करता येईल, तिला पैसाही लागत नाही. त्रुटी एकदाच काढायच्या. फाईल हातात आली की सगळी पानं बघा, जे काय कमी असेल ते एका पत्रात लिहा आणि त्यात नसलेली त्रुटी नंतर काढायची नाही असा दंडक घाला. निम्म्या फायली एवढ्यानेच मार्गी लागतील. ते होत नाही, कारण अडलेल्या फाईलला किंमत येते. कळणाऱ्यांना कळलं असेल.

निवृत्तांबद्दल दोनच वाक्यं, कारण तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे. केंद्राच्या पेन्शनरला सीजीएचएस हयातभर मिळतं आणि जिथे ते नाही तिथे महिन्याला 1,000 रुपये वैद्यकीय भत्ता. राज्याचा कर्मचारी 58 व्या वर्षी बाहेर पडला, म्हणजे बीपी-शुगरचा डबा नुकता कुठे घरात आलेला असतो, की 1961 चे नियम त्याचा हात सोडतात. त्याच्यासाठी विमाछत्र योजना आहे, हप्ता त्याने स्वतः भरायचा.

सेवेत असलेल्यांसाठी, टेबलाच्या या बाजूने चार गोष्टी सांगते. थर्मल पावती हातात पडली त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटोही ठेवा. आकस्मिकतेचं प्रमाणपत्र डिस्चार्जच्या आधी मागा. घरी गेल्यावर त्या डॉक्टरची सही मिळवणं म्हणजे दुसरा आजार. नोंदणी प्रमाणपत्रावरची मुदत तिथेच उभं राहून वाचा. महिला कर्मचाऱ्यांनी आई-वडिलांचा खर्च मागायचा की सासू-सासऱ्यांचा, हा विकल्प वेळेत लेखी द्यावा, सासू ॲडमिट झाल्यावर नव्हे. फाईल जिथे जाईल तिथली आवक नोंद आणि तारीख लिहून घ्या, ‘पाठवली आहे’ या शब्दावर जाऊ नका. आणि मंजुरीसाठी कुणी टक्के मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर 1064 आहे. तो मी माझ्या टेबलावरच्या काचेखाली लावलाय. शेजारच्या टेबलावरच्यांना तो आवडत नाही.