मांडी ही सीट नव्हे

भावाला गाडी घ्यायचीय. तीन पोरं, मोठी सहा वर्षांची, मधला साडेतीनचा आणि धाकटं आठ महिन्यांचं, शिवाय ते दोघं आणि आमची आई. राहायला सांगलीत, विश्रामबागला. गेले पंधरा दिवस आमच्या घरच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही आणि गेले पंधरा दिवस मी इथं जर्मनीत पोरांना किटात, म्हणजे पाळणाघरात, सोडून एस-बानमधे, म्हणजे लोकलमधे, बसले की ते मेसेज वाचते आणि ऑफिसात पोचेपर्यंत डोकं तापलेलं असतं.

ग्रुपचा निकाल जवळजवळ लागलाय. चार मीटरच्या आतली एसयूव्ही घ्यायची, पाच सीटची, सनरूफवाली. सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, तेव्हापासून छोट्या गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४०, हे मामांनी तीन वेळा लिहिलं. गल्लीत लावायला सोपी, मायलेज बरं, विकायला त्रास नाही. हे सगळं मला मान्य आहे, पैसे काही झाडाला लागत नाहीत. मी फक्त एवढंच विचारलं की माणसं सहा आणि सीटा पाच, मग बसणार कसं? त्यावर आत्यानं लिहिलं, "लेकरं काय गं, मांडीवर बसतात." आणि त्या एका ओळीला धडाधड अंगठे आले.

मांडी ही सीट नव्हे. मी हे तिथंही लिहिलं आणि इथंही लिहिते. पन्नासच्या स्पीडला गाडी कशावर तरी आदळली तर आठ किलोचं बाळ हातात धरून ठेवणं जगातल्या कुठल्याही आईला जमत नाही, आईचं प्रेम कितीही असू दे. आणि बाळ पुढच्या सीटवर मांडीवर असेल तर समोरची एअरबॅग त्याच्यावरच उघडते. हे जर्मन शहाणपण नाही. आपल्याच मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १९४ ब कलम आलं, चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. २०२२ मधे सायरस मिस्त्रींचा पालघरला अपघात झाला, मागं बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, तेव्हा याच ग्रुपवर बेल्टच्या पोस्ट फिरत होत्या आणि मामांनीच हात जोडलेले इमोजी टाकले होते. मग आता काय झालं?

वर सनरूफ. मधल्या भाच्याचा एक व्हिडिओ आला, कुणा पाहुण्याच्या गाडीत छतातून अर्धा बाहेर उभा, अंकली पुलावर, गाडी चालू. सगळ्यांनी बदाम पाठवले. मला रात्री झोप लागली नाही.

आमच्याकडे फोक्सवॅगनची टूरान आहे. तिसऱ्या बाळाच्या वेळी घेतली, मधल्या रांगेत तीन वेगवेगळ्या सीटा आणि तिन्हीला आयसोफिक्स (चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या), म्हणून. इथं बारा वर्षांचं होईपर्यंत नाहीतर दीडशे सेंटीमीटर उंची होईपर्यंत पोरगं आपल्या कारसीटमधेच, म्हणजे चाइल्ड सीटमधेच, बसतं, त्यात चर्चा नसते. नाही बसवलं तर साठ युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गला, जिथं वाहनचालकांच्या चुकांची नोंद असते तिथं, एक पॉइंट. पण खरं सांगते, पॉइंटच्या भीतीनं कुणी बसवत नाही, सवयच आहे. धाकटीला दवाखान्यातून आणली तीच बेबीशालेमधून, म्हणजे तान्ह्या बाळाच्या कारसीटमधून, तीन दिवसांची होती. हे सगळं ग्रुपवर लिहिलं की उत्तर ठरलेलं, "ताई तुझं तिकडचं तिकडं." आणि मग मला राग येतो. अरे, तिकडची पोरं काचेची आणि सांगलीची लोखंडाची असतात का? इथं ऑटोबानवर सगळे शिस्तीत जातात तरी आम्ही बांधून घेतो, आणि खंबाटकीच्या वळणावर ब्रेक गेलेला ट्रक मागून येऊ शकतो तिथं म्हणे मांडी चालते!

भावाला मी वेगळा फोन करून समजावलं, कारण तो ऐकतो. म्हटलं सात सीटची गाडी म्हणजे सात माणसं, असं धरून चालू नको. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आयसोफिक्स मधल्या रांगेत दोन कडेच्या सीटांनाच असतं. तिथं दोन कारसीटा बसवल्या की ती सीट पुढं झुकत नाही, मग तिसऱ्या रांगेत चढायचं कुठून? आणि तीन कारसीटा एका ओळीत म्हणशील तर एकेकीची रुंदी चव्वेचाळीस सेंटीमीटरपर्यंत असते, तिन्हीचे मिळून झाले १३२, चार मीटरच्या गाडीत तेवढी जागाच मिळत नाही, मिळाली तरी बकलपर्यंत हात जात नाही. म्हणून मधे दोन सुट्या कॅप्टन सीटा असलेली सहा सीटची गाडी बघ. दोघं धाकटे त्या दोन सीटांवर, मधल्या वाटेनं मागं जाता येतं, मागं मोठी बूस्टरवर, म्हणजे उंच करणाऱ्या बैठकीवर, आणि तिच्याशेजारी आई. साडेचार मीटरच्या आसपास जाईल, टॅक्स बसेल, डिकी नावालाच उरेल. अर्टिगासारख्या गाडीतही तिसरी रांग उभी असली की डिकी २०९ लिटरच राहते, म्हणजे दोन बॅगा आणि भडंगाचं पोतं. वर कॅरिअर लाव. पण सनरूफचे पैसे दोन चांगल्या कारसीटांत घाल.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, आपण नाही का गेलो वडापातून."

गेलो की. दरवर्षी औदुंबरला ट्रॅक्समधून जायचो, नऊच्या गाडीत पंधरा माणसं, दोन मागं लटकलेली. मी पुढं अण्णांच्या मांडीवर. अण्णांचा एक हात माझ्या पोटावर असायचा, आयर्विन पुलावर गाडी आली की ते दुसऱ्या हातानं कृष्णा दाखवायचे, पाणी किती चढलंय ते सांगायचे. मला अजून तो हात आठवतो, घड्याळाचा पट्टा पोटाला टोचायचा ते पण आठवतं. माझ्या पोरांना असलं काही आठवणार नाही. ती तिघं आपापल्या सीटमधे, आपापल्या खिडकीकडं बघत, सहा-सहा तास. मी पुढं बसून मागं फक्त हात करते, त्यांना पाण्याची बाटली देण्यापुरता.

आणि आता जे सांगणार आहे ते ग्रुपवर कुणाला माहीत नाही. मागच्या डिसेंबरला आम्ही आलो तेव्हा दोन कारसीटा फ्रँकफर्टपासून लगेजमधे आणल्या होत्या. मुंबईला भाड्याची इनोव्हा, आई न्यायला आली होती. गाडीत बेल्टची बकलं सीटकव्हरच्या खाली गाडलेली, ड्रायव्हर आणि नवऱ्यानं मिळून अर्धा तास कव्हरं सोडवली तेव्हा ती सापडली. पुणं गेलं, सातारा गेलं, कराडच्या पुढं धाकटी जी रडायला लागली ती थांबेना. दूध झालं, डायपर झालं, दोनदा गाडी थांबवून झाली. आई काही बोलत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती, तिनं नातीला अजून हातातही घेतलं नव्हतं नीट. पेठ नाक्याला मी बेल्ट सोडला आणि पोरगी आईच्या मांडीवर दिली. पाच मिनिटांत झोपली. आष्टा, सांगलीवाडी, घर येईपर्यंत आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती, आणि मी सगळा रस्ता समोरच्या ट्रककडं बघत बसले. मी चूक केली. पुन्हा करणार नाही. पण तो पाऊण तास मला परत द्यायचा झाला तर मी देणार नाही, हेही तितकंच खरं आहे.

अण्णा गेल्यावर आई एकदाच आमच्याकडं आली, तीन महिने. तिच्यासाठी टूरानची मागची रांग उघडली होती. तिचे गुडघे पुढच्या सीटला टेकायचे, ती म्हणायची काही होत नाही, आणि उतरताना दाराला धरून दोन मिनिटं उभी राहायची. ती परत गेल्यावर त्या दोन सीटा दुमडल्या त्या तशाच आहेत. वर आता किंडरवागन, म्हणजे बाबागाडी, असते आणि हिवाळ्याचे बूट. ट्यूफच्या, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीच्या, वेळी तेवढ्या उघडतात.

भावाकडं तसं नाहीये. त्याच्या गाडीत आई रोज बसणार, शाळेला सोडायला जाताना, गणपतीच्या देवळात, नरसोबाच्या वाडीला. म्हणूनच तर मी एवढी भांडते.

रविवारी तो शोरूमला जाणार आहे. मी सांगितलंय, एकटा जाऊ नको. शेजाऱ्यांची कारसीट आहे ती मागून घेऊन जा, तिथंच लावून बघ, तिन्ही पोरं आत बसव, आणि मग आईला मागच्या रांगेत चढायला सांग. वर चढताना ती कुठं धरते, बसल्यावर गुडघा कुठं टेकतो, ते बघितल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरायचे नाहीत. तिला विचारू नको, ती काही होत नाही म्हणेल. तू बघ.