भाग जुने, म्हणून जोडणीही उघडच?

दिव्यांवर दुरून देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणांच्या अमेरिकी पेटंटांविषयी एक विधान सर्रास केले जाते: 'प्रवाह मोजणारा सेन्सर जुना, रेडिओ मोडेम जुना, नियंत्रण कक्षातला संगणकही जुना, तेव्हा त्यांची जोडणी उघडच आहे, आणि २००७ च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स निकालानंतर जोडणीचे कारण दाखवण्याचीही गरज उरलेली नाही.' (येथे 'उघड' म्हणजे त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्याजोगे; तसे असेल तर पेटंट टिकत नाही.)

पहिला भाग कायद्याच्या शब्दांवरच अडतो. अमेरिकी पेटंट कायद्याचे उघडपणाविषयीचे कलम १०३ शोधाकडे समग्रपणे पाहायला सांगते. सुटे भाग एकेक करून जुने ठरवत गेल्यास बहुतेक कोणताही शोध टिकणार नाही. १९६६ च्या ॲडम्स खटल्यातील बॅटरीत मॅग्नेशियम, क्युप्रस क्लोराइड आणि पाणी हे सारे पूर्वपरिचित होते, तरीही सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट वैध ठरवले.

केएसआरविषयी जे सांगितले जाते ते तर अर्धेच आहे. त्या खटल्यात मोटारीच्या मागेपुढे सरकणाऱ्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडलेला होता आणि ती जोडणी उघड ठरली, हे खरे. पण सर्वोच्च न्यायालयाने नाकारला तो फेडरल सर्किटचा, म्हणजे पेटंट खटल्यांची अपिले ऐकणाऱ्या न्यायालयाचा, ताठरपणा: जोडणीचे कारण जुन्या कागदपत्रांतच शोधण्याचा अट्टहास. कारण बाजाराच्या गरजेतून किंवा त्या क्षेत्रातील सर्वसाधारण जाणकाराच्या व्यवहारज्ञानातूनही येऊ शकते, एवढीच मोकळीक मिळाली. प्रत्येक घटक आधी ज्ञात होता एवढ्याने उघडपणा सिद्ध होत नाही, हे त्याच निकालात स्पष्ट म्हटले आहे. विधान करणाऱ्यांनी ते पान बहुधा उलटलेच नसावे.

आता प्रत्यक्ष दिव्याच्या खांबाकडे पाहू. समजा, एका जुन्या पेटंटात साध्या तंतूच्या दिव्याचा प्रवाह मोजून तो जळाला की नाही ते ओळखले आहे आणि दुसऱ्यात रेडिओने बिघाडाचा संदेश पाठवला आहे. दोन्ही जोडून साध्या दिव्याची वार्ता कक्षात पोहोचवली, तर प्रत्येक भाग आपले ठरलेले कामच करतो. असे पेटंट पडले तर मला आश्चर्य वाटणार नाही. सोडियम दिव्याचे तसे नाही. त्याच्या चोकसोबत (दिव्याचा प्रवाह मर्यादेत ठेवणाऱ्या वेटोळ्यासोबत) पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या प्रवाहाचा प्रत्यक्ष उपयोग किती होतो याचे माप, सुधारण्यासाठी बहुधा पुरवठ्याला समांतर कपॅसिटर असतो, आणि दिवा विझला तरी तो प्रवाह ओढतच राहतो. म्हणजे 'प्रवाह आहे, अर्थात दिवा पेटलेला आहे' हा जुना नियम येथे चक्क खोटी साक्ष देतो. प्रवाह आणि व्होल्टेज यांच्यातील फेजचा कोन (दोघांच्या लहरी एकमेकींच्या किती मागेपुढे आहेत ते) तपासून विझलेला दिवा ओळखायचा, हे दोन्ही कागदांत नसेल, तर ती पायरी जाणकाराने का गाठली असती याचे स्वतंत्र उत्तर आक्षेप घेणाऱ्याला द्यावे लागेल, आणि तेही शोध वाचल्यानंतर सुचलेले असून चालणार नाही.

अर्थात पेटंटधारकानेही फार हुरळू नये. त्याच्या दाव्यात, म्हणजे पेटंटची कायदेशीर हद्द ठरवणाऱ्या भागात, 'बिघाड ओळखून संदेश पाठवणे' एवढेच लिहिलेले असेल आणि फेजच्या कोनाचा उल्लेख फक्त वर्णनात असेल, तर कपॅसिटरची ही सगळी चर्चा त्याच्या उपयोगाची नाही.