देवाची क्षमा आणि शेजाऱ्याचे देणे

आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप असा, की प्रत्येक पाप मुळात देवाविरुद्ध असते हे ख्रिस्ती मत म्हणजे अपराध्याला मिळालेली पळवाट आहे. दुखवायचे माणसाला, क्षमा मागायची देवाकडे, आणि ज्याचे नुकसान झाले तो हिशेबातूनच बाद. पुरावा म्हणून आपण बायबलमधले ५१ वे स्तोत्र दिले आहे, जिथे इस्राएलचा राजा दावीद केवळ देवाविरुद्धच पाप केल्याचे म्हणतो.

अशी पळवाट काढणारे ख्रिस्ती लोक मीही पाहिले आहेत, पण शास्त्राने ती ठेवलेली नाही. लेवीय पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात शेजाऱ्याची ठेव नाकारणे, सापडलेली वस्तू दडवून खोटी शपथ वाहणे, हा परमेश्वराचा विश्वासघात मानला आहे. तरीही अपराध्याने ती वस्तू, वर तिच्या किमतीचा पाचवा हिस्सा घालून, याजकाला नव्हे तर ज्याची त्याच्या हाती द्यायची आहे, आणि दोषार्पणाच्या, म्हणजे अपराधाबद्दल देवाला वाहायच्या, मेंढ्याचा उल्लेख त्यानंतर येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात येशू तर वेदीपर्यंत आलेल्या माणसाला, अर्पण तिथेच ठेवून, आधी दुखावलेल्या भावाशी समेट करायला माघारी धाडतो.

मग देवाला मध्ये का आणायचे? माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला आहे, असे बायबलचे पहिले पुस्तक, उत्पत्ती, म्हणते. म्हणून ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही, त्याच्यावरील अन्यायालाही जाब विचारणारा उरतो. दाविदाची गोष्ट नेमकी हीच आहे. तो राजा होता, आपला सैनिक उरीया याच्या बायकोशी, बथशेबाशी, संबंध ठेवून मग उरीयाला त्याने लढाईत पुढे ठेवून मारवले होते, आणि राजाला विचारणार कोण? नाथान संदेष्टा आला तो नियमभंगाची तक्रार घेऊन नव्हे, तर एका श्रीमंताने हिरावलेल्या, एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट घेऊन, जी त्याच्याच घासातले खाई, त्याच्याच पेल्यातले पिई आणि त्याच्या उराशी निजे. स्तोत्रातल्या त्या ‘केवळ’ने उरीया पुसला जातो, असे मला म्हणूनच वाटत नाही, मेलेल्याची क्षमा मागायला जाणार तरी कुठे?

बथशेबा मात्र जिवंत होती. दाविदाने तिचे सांत्वन केले, एवढे लिहिले आहे. क्षमा मागितल्याचे कुठेही नाही, आणि आपला आक्षेप तिथे मला खोडता येत नाही.