‘सहमत’ म्हणणारा पुन्हा विकत घेतोच असं नाही

समाधानी खेळाडू गेममध्ये पुन्हा पुन्हा खरेदी करतात, असं खेळाडूंच्या सर्वेक्षणावरच्या एका लेखात म्हटलंय आणि पुरावा म्हणून ‘मी पुन्हा खरेदी करेन’ या एकाच विधानावरच्या गुणांची सरासरी दिलीय. मला नेमकं हेच खटकलं. ‘पूर्ण असहमत’ (१) ते ‘पूर्ण सहमत’ (५) ही मोजपट्टी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली, ती एकाच वृत्तीबद्दल अनेक विधानं विचारून त्यांच्या गुणांची बेरीज करण्यासाठी. त्यातली काही विधानं उलट अर्थाची ठेवतात, म्हणजे न वाचता सगळीकडे ‘सहमत’ ठोकणारे लक्षात येतात. शिवाय ३ आणि ४ मधलं अंतर ४ आणि ५ मधल्या अंतराएवढंच असतं हे कोण सांगणार?

मी स्वतः अशी प्रश्नावली सामना जिंकल्या जिंकल्या भरलीय. हात अजून थरथरत होते, सगळीकडे ५ दिले. त्यानंतर महिनोन्महिने काहीच घेतलं नाही. मग एकदा सीझन संपायला काही तास उरले होते, कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत होतं आणि टोळीतल्या सगळ्यांकडे त्या सीझनची स्किन, म्हणजे पात्राचा विकतचा पेहराव, होती. घेतली. तेव्हा गेमवर मी चांगलाच वैतागलेलो होतो!

इरादा आणि प्रत्यक्ष खरेदी वेगवेगळी मोजायला हवी. खरेदीची नोंद सर्व्हरवर असतेच, ती उत्तरांशी ताडून पाहता येते, अर्थात खेळाडूची परवानगी घेऊन. आणि वैतागून गेम सोडून गेलेल्यांना कुणी विचारलंच नाही. लेखकांनी निदान मूळ विधानं तरी जशीच्या तशी द्यावीत, ही विनंती.