खाडा म्हणू नका, रजा म्हणा

आज तिसरा दिवस, घरीच आहे. घसा धरलाय, अंगात कणकण आहे, पण काल रात्रीपासून ताप शंभराच्या वर गेला नाही. पडल्या पडल्या लिहितेय. बरेच दिवस मनात होतं.

मी अकरा वर्षं पुण्यात मुलं सांभाळते. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. आतापर्यंत चार घरं झाली, पाच मुलं झाली. त्यातल्या दोघांचं अंगावरचं दूध माझ्यासमोर सुटलं.

पहिल्या घरी फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असायचं. दूध आलं नाही की त्या तारखेवर फुली, मी गेले नाही की गोल. महिनाअखेरीला ताई फुल्या मोजून दूधवाल्याचा हिशेब करायच्या आणि गोल मोजून माझा. ताई स्वभावाने वाईट नव्हत्या. माझ्या मुलीच्या पुस्तकांना पैसे दिले होते त्यांनी, ते मी विसरणार नाही. पण एकदा त्यांची पाठ धरली, दोन दिवस घरी होत्या. फोनवर ऑफिसातल्या कुणाला तरी म्हणाल्या, "सिक लीव्ह टाकलीये." मी समोरच बाळाला वरणभात भरवत होते. त्याच भिंतीवर त्या महिन्यात माझे तीन गोल होते, मला जुलाब झाले होते त्याचे. त्या घरी राहिल्या ती रजा, आणि मी घरी राहिले तो खाडा. घास हातात तसाच राहिला माझ्या. बाळाने तोंड उघडलं तेव्हा भानावर आले.

तेव्हापासून हा शब्द ऐकला की मला लागतं. दुधाचा खाडा होतो, पेपरचा होतो. मी आजारी पडते.

आणि आजारी पडते कुठून, तेही बघा. प्लेग्रुप सुरू झाला की मूल दर पंधरा दिवसांनी काहीतरी घेऊन येतं. नाक माझ्या खांद्याला पुसतं, शिंकतं माझ्या तोंडावर, अर्धं चघळलेलं बिस्कीट प्रेमाने माझ्या तोंडात घालतं. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती, तेव्हा आधी बाळाचे डोळे आले, तिसऱ्या दिवशी माझे. मागे एकाला हातापायावर आणि तोंडात फोड आले होते, ते हँड फूट माउथ का काय म्हणतात ते. पाळणाघरवाले अशा मुलाला दारातूनच परत पाठवतात, ते बरोबरच आहे. मग पाच दिवस ते मूल माझ्या मांडीवर. माझी त्याला अजिबात ना नाही, उलट आजारी लेकराला सोडून माझाच पाय निघत नाही. पण पुढच्या आठवड्यात माझ्या तळहातावर फोड आले, तेव्हा पगारातून चार दिवस कापले.

तेव्हा पगार अठरा हजार होता. दिवसाचे सहाशे, चार दिवसांचे चोवीसशे. डॉक्टर आणि औषधं धरून सातशे वेगळे. खोलीभाडं काही चार दिवसांनी कमी होत नाही.

म्हणून आम्ही बायका दुखणं अंगावर काढतो. ताप असला तरी एक गोळी घ्यायची, वर चहा प्यायचा आणि पीएमटीची बस पकडायची. दोन तास बरं वाटतं. मीही हेच करायचे, एका दिवसापर्यंत. तो दिवस सांगते.

बाळ तेव्हा चौदा महिन्यांचं होतं. सकाळी गोळी घेऊन गेले होते. साडेदहाला त्याला अंघोळ घालत होते. पाटावर बसलेले, पाय पसरलेले, बाळ पायांवर पालथं, अंगाला तेल, साबण, वरून पाणी. एकदम डोळ्यांपुढे अंधार आला. कानात घूं झालं आणि हातातलं ते गुळगुळीत अंग सरकतंय एवढंच कळलं. मी मांड्या आवळल्या, दोन्ही हातांनी त्याला पोटाशी धरलं आणि तशीच मागे भिंतीला टेकले. नळ चालू, बादली भरून वाहतेय. बाळाला वाटलं खेळच चाललाय, ते हसत होतं. मला किती वेळ उठता आलं नाही कोण जाणे. मग त्याला टॉवेलात गुंडाळलं, गादीवर ठेवलं, चारी बाजूंनी उशा लावल्या आणि ताईंना फोन केला. म्हटलं, ताई, आत्ताच्या आत्ता या.

ताई आल्या. आधी घाबरल्या, मग रागावल्या, "ताप होता तर आलातच कशाला?" मी म्हटलं, मागच्या महिन्यात तीन दिवसांचे कापले होते ना, म्हणून आले. त्या गप्प बसल्या. दोघी बराच वेळ तशाच बसलो होतो.

पगार कापला की बाई आजारपण लपवते आणि लपवलेलं आजारपण तुमच्या लेकराला कडेवर घेऊन फिरतं. मला एवढंच सांगायचंय. हे पैसे वाचवणं तुम्हालाच महागात पडतं.

कायद्याचं म्हणाल तर माझा भाऊ भोसरीला कंपनीत आहे. त्याला कावीळ झाली, दीड महिना घरी होता. ईएसआयकडून, म्हणजे सरकारी कामगार विम्यातून, सत्तर टक्के पगार मिळाला, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो म्हणे. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे. वीस किंवा जास्त (२०२५ पर्यंत दहा किंवा जास्त) माणसं असलेल्या ठिकाणी त्यात वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा आहे. मी ज्या घरात जाते तिथे कामाला मी एकटीच. आमच्यासाठी २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्यात नोंदणी होते, काही मदत मिळते, पण आजारी पडले तर मालकाने पगार द्यायचा असं बंधन त्यात नाही. २०११ च्या जूनमध्ये जिनिव्हाला घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, १८९ क्रमांकाचा. भारताने बाजूने मत दिलं, पण अजून तो स्वीकारलेला नाही. २०२५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने केंद्र सरकारला घरकामगारांच्या कायद्यासाठी समिती नेमायला सांगितलं, तेव्हा आमच्या वस्तीत बायकांनी ती बातमी एकमेकींना वाचून दाखवली होती.

आणि याच पुण्यात १९८० साली मोलकरणी संपावर गेल्या होत्या, हे किती जणांना माहीत आहे? त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारी सुट्टी तेव्हापासून मागतोय आम्ही. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

"बायका खोटं सांगून दांड्या मारतात" हे मी शंभरदा ऐकलंय. काही जणी मारतात, मी नाही कशाला म्हणू? पण गावाला सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आहे म्हटलं की कपाळाला आठी पडते आणि ताप आला म्हटलं की निदान बोलणी कमी बसतात, मग बाई काय सांगणार? हक्काचे दोन दिवस असते तर खरं कारण सांगायला तिला कसली भीती होती?

तुमची अडचण मला दिसत नाही असं समजू नका. घरात आजी-आजोबा नाहीत, दोघंही नोकरीला, सकाळी पावणेआठला माझा फोन येतो की आज जमत नाही. तुमच्या पोटात गोळा येत असेल. साहेबांच्या आधी ताईंनाच ऑफिसात तोंड द्यावं लागतं, हेही मी बघते. (साहेबांनी एखाद्या वेळी घरी थांबायला काय हरकत आहे, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.) पण मी आजारी पडल्यावर बाळ कुणी बघायचं, हे ठरवायचं काम माझं कसं? एका घरी मला म्हणाले, तुम्ही बदली बाई द्या, मग सुट्टी घ्या. अंगात १०२ ताप आणि मी बायका शोधत फोन करतेय. अनोळखी बाईच्या हातात तुमचं मूल देण्याची जबाबदारीही मग माझ्यावरच. ते घर मी सोडलं.

आता आहे तिथे कामाला लागतानाच बोलून घेतलं. वर्षाला बारा दिवस आजारपणाचे, पगार न कापता. ताप असेल तर यायचं नाही, आणि गोळी न घेता चोवीस तास ताप नसेल तेव्हाच परत यायचं. बरं नाही असं वाटलं की रात्रीच कळवायचं. बाळाची आत्या वारज्याला राहते, तिच्याशी ताई स्वतः बोलून ठेवतात. हे सगळं ताईंनी वहीच्या पानावर लिहिलं, दोघींनी सही केली, एक पान माझ्याकडे आहे. दीड वर्षात माझे नऊ दिवस झाले. न घेतलेल्या दिवसांचे पैसे दिवाळीला मिळाले, ते मी मागितलेही नव्हते.

माझ्यासारखं काम करणाऱ्या कुणी हे वाचत असाल तर एवढं करा, पगाराचं बोलताना त्याच बैठकीत रजेचंही बोला. नंतर तोंड उघडत नाही, मूल गळ्यात पडलेलं असतं.

दुपारी बाळाने व्हिडिओ कॉल केला होता. स्वतःचा खेळण्यातला स्टेथोस्कोप मोबाईलला लावून मला तपासलं आणि "मावशी, आ कर" म्हणाला. आज गोळी घेतलेली नाही. उद्या दुपारपर्यंत ताप आला नाही तर परवा जाईन. ताईंना तसं कळवलंय.