पिन 'गुप्त लिपीत' लिहिणाऱ्यांनो, जरा थांबा

चरईतल्या मावशीला कुणीतरी फॉरवर्ड पाठवला आणि तिने एटीएम कार्डाच्या पाकिटावर पिन 'गुप्त लिपीत' लिहूनही टाकला. फॉरवर्डचं म्हणणं असं: प्रत्येक अक्षर किंवा आकडा तीन घरं पुढे सरकवून लिहा, दोनदा सरकवलं की सुरक्षा दुप्पट, मधे निरर्थक अक्षरं पेरा, मग कॉम्प्युटरलाही कोट्यवधी वर्षं लागतील. शिवाय नासाची मान्यता!

आधी पिनचंच बघू, कारण पैसे तिथून जातात. समजा पिन १९८४. तीन घरं पुढे सरकवला (९ नंतर पुन्हा ०) की ४२१७. चोराने एकेक घर मागे यायचं: ३१०६, २०९५, १९८४, ०८७३... सगळे मिळून नऊच पर्याय, आणि त्यात जन्मसाल शोभेल असा एकच. आपल्याकडे पोरांच्या जन्मसालाचा पिन ठेवणारे थोडे आहेत का? चुकीचा पिन दोन-तीनदा टाकला की कार्ड अडकतं, मान्य. इथे चुकायची वेळच येत नाही.

'दुप्पट' सुरक्षा तर विनोदच. 'ठाणे' एक घर सरकवलं की 'डाते', पुन्हा सरकवलं की 'ढाथे'. म्हणजे एकदम दोन घरं सरकवलं तेच. दुप्पट झाले ते फक्त आपले कष्ट.

कोट्यवधी वर्षांचं अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य करतो. इंग्रजीची २६ अक्षरं हवी तशी उलटसुलट लावली तर कुठल्या अक्षराऐवजी कुठलं लिहायचं, याचे ४ वर २६ शून्यं इतके तक्ते होतात. पण ते एकेक करून तपासतो कोण? कुठलं चिन्ह किती वेळा येतं ते मोजायचं आणि भाषेत तितक्याच वेळा येणाऱ्या अक्षराशी जुळवायचं, ही युक्ती बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने नवव्या शतकातच लिहून ठेवली. मराठीत तर वाक्यामागून वाक्य 'आहे'वर संपतं, आणखी काय हवं?

निरर्थक अक्षरांचं उत्तर इतिहासाने दिलंय. स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या लिपीत अक्षरांना चिन्हं होती, नेहमीच्या शब्दांना वेगळी चिन्हं होती, भरीला निरर्थक चिन्हंही होती. १५८६ मध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिच्या माणसांनी ती पत्रं वाचली आणि १५८७ मध्ये मेरीचं मुंडकं उडालं.

न फुटणारी पद्धत आहे, नाही असं नाही. किल्ली, म्हणजे कुठलं अक्षर किती घरं सरकवायचं त्याची यादी, मजकुराइतकीच लांब, पूर्णपणे स्वैर, गुप्त आणि एकदाच वापरायची. पण एवढी किल्ली लपवायला जागा असेल, तर पिनच तिथे ठेवा की.

नासाबद्दल मी बोलणार नाही.